शब्दार्थांचे ‘साहित्य’ आणि संवादाची प्रतिमाने : धार-देवासच्या निमित्ताने

१

मनुष्य मनुष्याशी बोलतो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सामान्य वाटतो. एकाने सांगितले, दुसऱ्याने ऐकले, संपले. यात शास्त्राने शिरावे असे काय आहे, असे कोणीही विचारील. परंतु भाषेच्या अध्यापकाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण भाषा म्हणजे काय याविषयी जी कल्पना त्याच्या मनात असते तिच्याच धोरणाने तो वर्गात शिकवीत असतो. भाषा म्हणजे अर्थाची ने-आण करणारी गाडी असे जो मानतो, तो शब्दार्थ पाठ करून घेतो. भाषा म्हणजे माणसामाणसांतील नाते असे जो मानतो, त्याला अधिक काही करावे लागते. म्हणून संवादव्यवहाराची जी प्रतिमाने गेल्या शतकात पश्चिमेकडे पुढे आली आणि आज आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही आढळतात, त्यांची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

ही परीक्षा आम्ही माळव्यातील दोन गावांच्या आधाराने करणार आहोत. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. मराठ्यांच्या उत्तरेकडील विस्तारातून अठराव्या शतकात ती उभी राहिली. त्यांच्याबरोबर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली त्यांच्या घरांत मराठी, बाजारात माळवी, कचेरीत एके काळी मोडी आणि पुढे हिंदी व इंग्रजी, असा भाषांचा गोफ पिढ्यानपिढ्या विणला गेला. संवादाविषयीचा कोणताही सिद्धांत एकभाषिक वर्गात सहज खरा ठरतो. त्याची कसोटी लागते ती अशा गावी. शिवाय धारेला आणखी एक अधिकार आहे. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचा भारतात झालेला एक अत्यंत विस्तृत विचार याच नगरीच्या राजाच्या नावावर आहे.

२

प्रथम पश्चिमेकडील मांडणी पाहू. १९३४ साली कार्ल ब्यूलर यांनी भाषेची तीन कार्ये सांगितली : वक्त्याचे मन प्रकट करणे, श्रोत्याला आवाहन करणे आणि वस्तूचा निर्देश करणे. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने दूरध्वनी-तारायंत्रांच्या संदर्भात एक आकृती मांडली. उगम, प्रेषक, मार्ग, ग्राहक, गंतव्य आणि मार्गात शिरणारा व्यत्यय, असे तिचे घटक. पुढे रोमान याकोबसन यांनी १९५८ च्या एका परिषदेतील व्याख्यानात, जे १९६० साली प्रसिद्ध झाले, या दोन्ही विचारांचा मेळ घालून सहा घटक आणि त्यांना अनुसरून सहा कार्ये सांगितली. वक्त्याकडे कल असेल तर भावनिवेदन, श्रोत्याकडे असेल तर प्रेरण, संदर्भाकडे असेल तर निर्देशन; संपर्क टिकविण्यासाठीच बोलणे झाले तर संपर्कसाधन; भाषेविषयी भाषेतच बोलणे झाले तर भाषानिरूपण; आणि संदेशाच्या स्वतःच्या घडणीवर लक्ष केंद्रित झाले तर काव्यात्म कार्य. यांपैकी संपर्कसाधनाची कल्पना त्यांनी मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाकडून घेतली. ‘काय, कसं काय?’ या प्रश्नाला माहितीपूर्ण उत्तर अपेक्षित नसते, हे आपणही जाणतोच.

शॅनन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आरंभीच नोंदविली पाहिजे. संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याला कर्तव्य नाही, असे त्यांनी स्वतःच आपल्या निबंधाच्या आरंभी बजावले होते. तारेच्या दुसऱ्या टोकाला तीच अक्षरे उमटावीत, एवढाच त्यांचा प्रश्न. दोष त्यांचा नाही. त्यांची आकृती उचलून मानवी संवादाचे संपूर्ण चित्र म्हणून वर्गात लावणाऱ्यांचा आहे. त्या आकृतीत अर्थ हा बांधून पाठविलेल्या गाठोड्यासारखा असतो. गाठोडे शाबूत पोहोचले की संवाद यशस्वी, वाटेत भोक पडले की अयशस्वी. हे चित्र इतके सोयीचे आहे की ते खोटे असल्याची शंकाही आपल्याला येत नाही.

३

आता धारेकडे वळू. परमार भोज याचा राज्यकाल सुमारे १०१० ते १०५५. ‘सरस्वतीकंठाभरण’ आणि छत्तीस प्रकाशांचा अवाढव्य ‘शृंगारप्रकाश’ हे त्याचे साहित्यशास्त्रावरील ग्रंथ होत. दुसऱ्या ग्रंथाची ओळख आधुनिक वाचकाला मुख्यतः डॉ. व्ही. राघवन यांच्या प्रदीर्घ प्रबंधामुळे झाली. भोज आपल्या विवेचनाचा पाया ‘साहित्य’ या शब्दावर रचतो. साहित्य म्हणजे शब्द आणि अर्थ यांचे सहितपण, एकत्र असणे. आणि हे एकत्र असणे बारा प्रकारचे आहे. अभिधा, विवक्षा, तात्पर्य, प्रविभाग, व्यपेक्षा, सामर्थ्य, अन्वय, एकार्थीभाव ही पहिली आठ. दोषहान, गुणोपादान, अलंकारयोग आणि रसाचा अवियोग ही शेवटची चार. पहिली आठ सर्वच भाषेला लागू, शेवटची चार काव्याची.

या यादीकडे केवळ पारिभाषिक शब्दांची जंत्री म्हणून पाहिले तर ती नीरस वाटेल. परंतु तिच्यातील क्रम पाहावा. अभिधा म्हणजे शब्दाची अर्थ सांगण्याची शक्ती. विवक्षा म्हणजे वक्त्याला काय म्हणावयाचे आहे ते. आणि ती विवक्षा स्वराच्या चढउतारावरून, प्रसंगावरून किंवा हावभावांवरून कळते, असे भोज मानतो. तात्पर्य म्हणजे एकूण बोलण्याचा रोख कशावर आहे ते. व्यवहारात ज्याला तात्पर्य म्हणावे त्यालाच काव्यात ध्वनी म्हणतात, अशी त्याची भूमिका आहे. म्हणजे शब्दाचा अर्थ, बोलणाऱ्याचा हेतू आणि बोलण्याचा रोख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या तिन्ही जुळतीलच असे नाही. याकोबसन यांच्या आकृतीत वक्ता आहे, संदेश आहे, संदर्भ आहे. परंतु हेतू आणि रोख यांच्यामधील फटीला तेथे जागा नाही. भोजाकडे ती आहे.

एका साध्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सूर्य मावळला, हे वाक्य आपल्या शास्त्रकारांचे आवडते. गुराख्याला ते गुरे वळविण्याची सूचना, चोराला निघण्याची, संध्या करणाऱ्याला आसन मांडण्याची. आता हेच वाक्य देवासच्या एखाद्या मराठी घरात आणून पाहावे. आजी म्हणते, ‘दिवेलागण झाली.’ सून उठते, देवापाशी निरांजन लावते, मुलाला पाय धुऊन परवचा म्हणावयास बसावे लागते, उंबऱ्यावर कोणी बसले असेल तर ते आपोआप बाजूला होते. नातवाला शब्दाचा अर्थ विचारला तर तो बरोबर सांगतो : ‘शाम हो गई.’ आणि तो जागचा हलत नाही. शॅनन यांच्या हिशेबाने संदेश पूर्ण पोहोचला. एक अक्षरही गळाले नाही. अभिधा शाबूत आहे. गेले आहे ते तात्पर्य. आजीचे वाक्य नातवाला कळले, पण त्या वाक्याने त्याला हलविले नाही. संवाद तुटला तो मार्गात नव्हे, शब्द आणि अर्थ यांच्या सहितपणात.

आमच्या विषयाचे मर्म येथे आहे असे आम्हांस वाटते. भाषा मरते ती शब्द विसरल्याने नव्हे. शब्द आठवत असतानाही त्यांचे तात्पर्य निघून जाते तेव्हा ती मरू लागते.

४

धारेचे शिलालेखही या बाबतीत बोलके आहेत. ज्या वास्तूविषयी आज वाद चालू आहे तिच्या इतिहासात आम्ही शिरत नाही. आमचा संबंध तेथील कोरीव अक्षरांशी आहे. तेथील स्तंभावर सर्पाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले आहेत. असेच सर्पबंध उज्जयिनीस आणि ऊन येथेही आढळतात. व्याकरणाचे कोष्टक दगडात कोरावे, याहून शुद्ध भाषानिरूपण कोणते? येथे कोणी कोणाला बातमी सांगत नाही. भाषा स्वतःविषयीच बोलते आहे. पण गंमत अशी की या लेखांच्या जोडीला येणाऱ्या श्लोकांत ‘वर्ण’ या शब्दावर श्लेष आहे : राजाची तलवार वर्णांचे रक्षण करते, म्हणजे अक्षरांचे आणि समाजातील वर्णांचेही. एका शब्दात भाषानिरूपण, काव्य आणि राजसत्तेची घोषणा एकत्र आली. एकाच उच्चारात अनेक कार्ये नांदतात व त्यांत एक प्रधान असते, हे याकोबसन यांचे म्हणणे येथे पुरेपूर पटते. आणि त्यांच्या मांडणीचे खरे बळही यातच आहे.

दुसरा लेख ‘पारिजातमंजरी’ या नाटिकेचा. अर्जुनवर्मा परमाराच्या काळी, तेराव्या शतकाच्या आरंभी, राजगुरू मदन याने ती रचली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांच्या प्रयत्नांनी तिची शिळा उजेडात आली आणि हुल्ट्श यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. चार अंकांपैकी दोनच अंक त्या शिळेवर आहेत. उरलेल्या दोन अंकांची शिळा उपलब्ध नाही. संस्कृत नाटकाच्या रूढीप्रमाणे राजा संस्कृतात बोलतो, स्त्रीपात्रे गद्यात शौरसेनी आणि पद्यात महाराष्ट्री प्राकृत बोलतात, आणि कोणाचेही कोणावाचून अडत नाही. आपल्याला हा नाट्यसंकेत कृत्रिम वाटतो. परंतु धार-देवासच्या कोणत्याही जुन्या मराठी घराची एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी : सासू मराठीत, भाजीवाली माळवीत, नोकरीवरून आलेला मुलगा हिंदीत, प्रत्येकजण आपल्या भाषेत बोलतो आणि दुसऱ्याची समजतो. मदनाची नाटिका त्या अर्थाने कृत्रिम नसून तिच्या भूमीशी इमानदार आहे. एकच संकेतव्यवस्था वक्ता आणि श्रोता या दोघांनाही समान असली पाहिजे, हे पाश्चात्त्य आकृतीचे गृहीतक मात्र येथे टिकत नाही. समजण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा या वेगळ्या असू शकतात, आणि तरीही संवाद पूर्ण असू शकतो.

धारेहून आल्याचे मानले जाणारे आणि आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात असलेले ‘राउळवेल’ हे शिलाकाव्यही याच जातीचे. त्यात निरनिराळ्या प्रदेशांतील स्त्रियांचे वर्णन त्या त्या प्रदेशाच्या बोलीच्या छटांत केले आहे. त्या छटा नेमक्या कोणत्या, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु एका काव्यात अनेक बोलींना सन्मानाने बसविण्याची दृष्टी माळव्याच्या मातीत जुनी आहे, एवढे निश्चित.

५

आता देवास. १७२८ साली तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी स्थापिलेले हे राज्य पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती असे विभागले गेले. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून येथे काही महिने राहिले. त्या काळची पत्रे त्यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केली. नावातील टेकडी देवासचीच. त्याआधी १९२४ साली ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही त्यांची कादंबरी आली होती. तिच्या शेवटच्या भागातील गोकुळाष्टमीचा उत्सव देवासच्या राजवाड्यातील उत्सवावरून घेतला आहे.

संवादाच्या अपयशाची कादंबरी म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. गुहेत कोणताही आवाज केला तरी एकच निरर्थक प्रतिध्वनी उमटतो; प्रेम असो, शिवी असो, परत येणारा ध्वनी एकच. व्यत्ययाने संदेश गिळून टाकला, असे शॅननवादी म्हणेल. परंतु उत्सवाच्या प्रकरणात फॉर्स्टर यांनी त्याच्या अगदी उलट गोष्ट दाखविली आहे, आणि तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष कमी गेले असे आम्हांस वाटते. देवळाच्या भिंतीवर इंग्रजीत लिहिलेल्या एका वाक्यात रंगाऱ्याच्या हातून दोन अक्षरे उलटसुलट झाली आहेत. माहितीशास्त्राच्या दृष्टीने ही चूक. उत्सवात मात्र तिने कोणाचेच काही बिघडत नाही. उलट देव आणि माणूस यांच्यामधील प्रेम व्याकरणाच्या आधाराने उभे नाही, हे त्या चुकीनेच सांगितले जाते.

त्याच प्रसंगी गोडबोले नावाचे दक्षिणी ब्राह्मण प्राध्यापक देवापुढे गातात, आणि त्यांच्या मुखी येते ते तुकारामाचे नाव, पुन्हा पुन्हा. एका इंग्रज लेखकाच्या कादंबरीच्या कळसस्थानी देहूच्या वाण्याचे नाव यावे, याचे श्रेय देवासच्या मराठी दरबाराला आहे. आम्ही येथे थांबतो ते अभिमानासाठी नव्हे, तर एका शास्त्रीय प्रश्नासाठी. शॅनन यांच्या गणितात, जो संदेश आधीच पूर्णपणे ओळखता येतो त्यात माहिती शून्य असते. नामस्मरणात पुढचा शब्द कोणता येणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणजे नामघोषातील माहिती शून्य. आणि तरीही ज्या समाजात तो घोष चालतो तो समाज त्यालाच वाणीचे सर्वश्रेष्ठ कार्य मानतो. येथे एकतर समाज खुळा आहे किंवा मोजमाप अपुरे आहे.

याकोबसनवादी म्हणेल, हे संपर्कसाधन आहे. हे उत्तर अधिक जवळचे आहे. पण पुरेसे नाही. ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ हेही संपर्कसाधनच, आणि त्याला कोणी भक्ती म्हणत नाही. भोजाची बारावी संज्ञा, रसाचा अवियोग, येथे उपयोगी पडते. भोजाच्या मते रस हा बाहेरून आत येणारा पदार्थ नव्हे. तो माणसाच्या अहंकारात, म्हणजे ‘मी आहे’ या जाणिवेतच मुळातून असतो, आणि शब्दार्थ त्याला सोडून राहू नयेत एवढीच काव्याची अट. या दृष्टीने नामघोष काही पोहोचवीत नाही. जे आहे ते तुटू देत नाही. संवादाचे एक कार्य पोहोचविणे असेल, तर दुसरे, आणि कदाचित अधिक मूलभूत, कार्य तुटू न देणे हे आहे.

६

परंतु भोजाची बाजू घेताना आपण आंधळे होता कामा नये. पूर्वजांनी सर्व काही आधीच सांगून ठेवले आहे, हा आमच्या पिढीजात विद्वत्तेचा आवडता विसावा आहे, आणि तो नाकारला पाहिजे. भोजाच्या बारा संबंधांत ऐकणाऱ्याला स्वतंत्र आसन नाही. सहृदय तेथे गृहीत आहे : तो व्युत्पन्न, तो रसिक, तो कवीच्याच संस्कारातील. ज्याला भाषा अर्धवट येते, ज्याला ऐकण्यासाठी वर्षे खर्चावी लागतात, तो भोजाच्या सभेत नाही.

असा एक श्रोता देवासला होऊन गेला. कुमार गंधर्व १९४८ च्या आरंभी क्षयाच्या आजारात देवासला आले. जन्म बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे, घरची भाषा कानडी, गाण्याचे शिक्षण मुंबईत प्रा. बा. र. देवधरांकडे. आजाराने सुमारे पाच वर्षे त्यांचे गाणे बंद झाले. त्या काळात त्यांनी ऐकले : माळव्यातील बायकांची गाणी, भिकाऱ्यांची, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने. पुढे त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडविले, ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध केले, आणि १९९२ साली देवासलाच देह ठेवला. त्यांचे निर्गुणी भजन आज सर्व भारतात ऐकले जाते. ज्या बाईने जात्यावर ते सूर आळविले तिने कोणासाठी गायिले? या गायकासाठी खासच नव्हे. तिने ‘प्रेषण’ केलेच नव्हते. ऐकणाऱ्याने ऐकण्याच्या बळावर तिचा सूर संदेश केला. वक्त्यापासून सुरू होऊन श्रोत्यापाशी संपणारा बाण या घटनेपुढे उलटा फिरवावा लागतो. ऐकणे ही संवादाची शेवटची पायरी नव्हे, कित्येकदा ती पहिली असते, हा धडा ना शॅनन यांच्यात आहे, ना याकोबसन यांच्यात, ना भोजात. तो देवासच्या टेकडीखाली मिळतो.

७

मग अध्यापकाने करावे काय? याकोबसन यांची सहा कार्ये आम्ही टाकून द्या म्हणत नाही; उलट आपल्या भाषेची तपासणी करण्याचे ते उत्तम साधन आहे असे आमचे मत आहे. ते साधन माळव्यातील मराठीला लावून पाहावे. निर्देशनाचे कार्य, म्हणजे शाळा, कचेरी, दवाखाना यांचा व्यवहार, संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाल्यावर आणि १९५६ साली मध्य प्रदेश बनल्यावर स्वाभाविकपणे हिंदीकडे गेले. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. काव्यात्म कार्य गणेशोत्सव, कीर्तन, नाट्यप्रयोग यांच्या आश्रयाने तग धरून असते. भावनिवेदन घरात टिकते. रागावताना आणि रडताना माणूस मातृभाषेतच येतो. संपर्कसाधन सर्वांत चिवट; ‘या, बसा, चहा घ्या’ ही वाक्ये शेवटपर्यंत उरतात. सर्वांच्या आधी, आणि कोणाच्या लक्षात न येता, जाते ते भाषानिरूपण. ‘आजी, दिवेलागण म्हणजे काय गं?’ हा प्रश्न नातू ज्या दिवशी मराठीत विचारीनासा होतो, त्या दिवशी घरातील सर्पबंधाचे अक्षर पुसले जाते. आणि तो प्रश्न गेला की तात्पर्यही जाते, कारण तात्पर्य कोशात मिळत नाही. ते विचारून, चुकून, हसून, पुन्हा सांगूनच मिळते.

म्हणून महाराष्ट्राबाहेरील मराठीच्या वर्गांत शब्दांच्या याद्या पाठ करवून घेण्यात जो वेळ जातो, त्यातील थोडा तरी या प्रश्नाला द्यावा, अशी आमची विनंती आहे. मुलाला शब्दाचा अर्थ विचारू नये. हे वाक्य कोण, कोणाला, कोणत्या वेळी म्हणेल आणि ऐकणारा त्यावर काय करील, हे विचारावे. त्याने हिंदीत उत्तर दिले तरी चालेल. मदनाच्या नाटिकेत राजा आणि दासी भिन्न भाषांत बोलतच होत्या. त्याला आजीकडे पाठवावे आणि तिचे एक वाक्य आणावयास सांगावे, भाषांतर न करता, प्रसंगासह.

संवादाचे प्रतिमान पश्चिमेचे घ्यावे की धारेचे, हा वाद आम्हांस निष्फळ वाटतो. याकोबसन दृश्याचा नकाशा देतात, भोज त्या दृश्यातील गाठी दाखवितो, आणि या दोघांनाही न दिसलेला श्रोता आपल्या घरात, परीक्षेच्या अभ्यासाला बसलेला असतो. ‘साहित्य’ या शब्दाचा भोजाने केलेला अर्थ सहित असणे हा आहे. दिवेलागणीच्या वेळी तो मुलगा आजीच्या शब्दाने उठला, तर त्या घरात साहित्य आहे असे म्हणावे. मग त्या घराच्या कपाटात एकही मराठी पुस्तक नसले तरी हरकत नाही.